भिंतीतले तीन नळ: घरच्या ड्राफ्ट बिअरच्या मांडणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राच्या घरचं आहे. नाव-गाव काढून टाकलंय. मापं, तापमानं आणि चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्यात, कारण असं काही करू पाहणाऱ्याच्या कामी येईल ते तेवढंच.

मित्र बरीच वर्षं घरी बिअर बनवतो. आधी बाटल्या भरायचा. त्या धुता धुता जीव मेटाकुटीला आला तेव्हा त्यानं १९ लिटरचे केग, म्हणजे बिअर साठवायची दाब सोसणारी पिंपं, घेतले: सुमारे ६३ सेंटिमीटर उंच, २२ सेंटिमीटर व्यासाचे, वर अंडाकृती झाकण, एक तोंड गॅस आत घ्यायला आणि एक बिअर बाहेर सोडायला. जुन्या फ्रिजमध्ये केग आणि त्यातून लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला प्लास्टिकची साधी तोटी, अशी त्याची दोन वर्षं गेली. बिअर चांगली यायची. दर ग्लासाला फ्रिजचं दार मात्र उघडावं लागायचं.

मग घराचं काम निघालं. फरशी, रंग, वायरिंग सगळंच उकरलं जाणार होतं, तेव्हा त्यानं बरेच दिवस मनात असलेली गोष्ट बोलून दाखवली: भिंतीतून थेट नळ काढायचे आणि फ्रिज, केग, सिलिंडर सगळं भिंतीमागे ठेवायचं. अशी एक मांडणी माझ्या घरी आहे आणि दोन-तीन जवळून पाहिलेल्या, म्हणून त्यानं मला बोलावलं. वहिनींनी पहिल्याच दिवशी दोन अटी घातल्या. "भाऊजी, नळ दिसू देत, फ्रिज दिसायला नको. आणि माझ्या नव्या भिंतीला ओल येता कामा नये." पहिली अट सगळ्यांच्या लक्षात राहिली. दुसरीकडे आम्ही हवं तेवढं लक्ष दिलं नाही आणि पुढचा अर्धा खटाटोप त्यातूनच उभा राहिला.

घरी किती बिअर ठेवता येते, बनवता येते का, परवाना लागतो का, हे नियम जागोजागी वेगळे असतात. ते मित्रानं आधीच तपासलं होतं, म्हणून त्यात शिरत नाही.

अडचण

बिअरमध्ये गॅस विरघळलेला असतो. नेहमीच्या लागर किंवा एलमध्ये (बिअरचे हे दोन मुख्य प्रकार) एका लिटरमागे साधारण अडीच लिटर कार्बन डायऑक्साइड. ३.५ अंश सेल्सिअसला एवढा गॅस आत धरून ठेवायला ११-१२ पीएसआय (दाब मोजायचं एक एकक) दाब पुरतो. तीच बिअर २४ अंशांच्या नळीत उभी राहिली तर तेवढाच गॅस धरायला ३० पीएसआयच्या वर दाब हवा. तो नसतो, म्हणून गॅस सुटतो आणि नळ उघडला की फेस येतो.

फ्रिजच्या दारावरच नळ बसवला तर केगपासून तोटीपर्यंतची वाट थंडच राहते. मध्ये भिंत आली की त्या वाटेवर एक गरम पट्टा येतो. तो किती लांब असू द्यायचा आणि तिथे थंडावा कसा पोहोचवायचा, ही या कामातली खरी अडचण. आम्ही मात्र सुरुवात नळांच्या जागेपासून केली, म्हणजे शोभेपासून. थंडावा कुठे संपतो हे आधी ठरवून मग भिंतीवर पेन्सिल लावायला हवी होती.

पर्याय आणि निर्णय

मित्राला नळ बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या भिंतीवर हवे होते. फ्रिज ठेवायला जागा एकच: स्वयंपाकघराला लागून असलेलं कोठार, १.८ मीटर लांब, १.५ मीटर रुंद, २.६ मीटर उंच. तिथून त्या भिंतीपर्यंत नळ्यांची वाट साडेसहा मीटर भरत होती.

एवढ्या अंतरासाठी दोन रस्ते आहेत. पहिला, नळ्या मोठ्या पाइपातून न्यायच्या आणि त्यात पंख्यानं फ्रिजची हवा खेळवायची. जाणारी हवा एका पाइपातून, परत येणारी दुसऱ्यातून. बार-हॉटेलांच्या धंद्यात हे फार तर साडेसात मीटरपर्यंत करतात, म्हणजे आम्ही मर्यादेच्या अगदी काठावर होतो. दुसरा रस्ता ग्लायकॉलचा. पाणी आणि खाण्यायोग्य प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचं मिश्रण शून्याच्या आसपास गार करून बिअरच्या नळ्यांना चिकटलेल्या नळ्यांतून रात्रंदिवस फिरवत ठेवायचं. हे याहून खूप लांबही चालतं, पण त्यासाठी वेगळा चिलर, म्हणजे ते मिश्रण गार करणारं यंत्र, वेगळा पंप आणि न थांबणारी घरघर आली. आठवड्याला दहा-बारा ग्लास पिणाऱ्या घराला हे पेलणारं नव्हतं.

मी एक हिशेब मांडला आणि तोच निर्णायक ठरला. लांबच्या वाटेला थोडी मोठी, ६.३५ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घ्यावी लागते. तिच्या एका मीटरमध्ये सुमारे ३२ मिलिलिटर बिअर मावते. साडेसहा मीटरला २०० मिलिलिटरच्या वर. तीन नळ म्हणजे ६०० मिलिलिटर बिअर कायम वाटेतच अडकलेली, आणि दर धुण्याला ती मोरीत जाणार. मित्र स्वतः माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळून, सहा-सात तास चुलीपाशी उभा राहून ही बिअर बनवतो. त्याला हा आकडा बोचला.

कोठाराची दुसरी भिंत जेवणाच्या खोलीला लागून होती. तिथे नळ काढले तर फ्रिज थेट मागेच. बैठकीची भिंत सोडून जेवणाच्या खोलीची धरायची, हा निर्णय तासाभरात झाला आणि तो बरोबर होता. आजही त्याबद्दल कुणाच्या मनात किंतु नाही.

नळ किती, यावर जास्त वाद झाला. त्याला सहा हवे होते. माझं म्हणणं, नळ जितके वाढतात तितकी प्रत्येक नळीतली बिअर जास्त दिवस उभी राहते, आणि धुणंही तेवढंच वाढतं. पिणारी माणसं दोन, कधीमधी पाहुणे. शेवटी तीन ठरले, त्यातला तिसरा सोड्याचा. हे वहिनींनी सुचवलं: "न पिणाऱ्यानं नुसतं बघत बसायचं का?" सोड्याला वेगळं रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरवून नेमका ठेवणारी कळ, लागतं, कारण त्याला ३० पीएसआयच्या आसपास दाब आणि त्या मानानं खूप लांब नळी द्यावी लागते. तेवढी कटकट घेण्यासारखी होती. मित्राची आई रोज दुपारी लिंबू पिळून त्या नळाखाली पेला धरते.

नळ निवडताना मात्र मी हट्ट धरला. जुन्या पद्धतीच्या नळात पडदा मागच्या बाजूला असतो. नळ बंद केला तरी तोटीच्या आत थोडी बिअर राहते, ती वाळते, चिकट होते, आणि तीन दिवसांनी मूठ ओढली की हलत नाही. पुढच्या तोंडाशीच बंद होणाऱ्या नळात हे होत नाही, बिअर हवेला लागतच नाही. रोज शंभर ग्लास निघणाऱ्या ठिकाणी जुना नळ चालून जातो. घरात, जिथे दोन-दोन दिवस नळाला हात लागत नाही, तिथे पुढून बंद होणारा आणि तोही पूर्ण ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचाच घ्यावा. पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेला नळ कालांतरानं आतून उघडा पडतो आणि बिअरला धातूची चव येते. घरात लहान मूल होतं, म्हणून दोन्ही बिअरच्या नळांना कुलपं घेतली.

गॅसच्या सिलिंडरचा निर्णय

याला वेगळा मथळा देतोय, कारण या साऱ्या कामात जिवावर बेतू शकणारी गोष्ट हीच होती.

मित्राला दहा किलोचा सिलिंडर हवा होता, सारखा भरायला जायला नको म्हणून. आणि तो कोठारातच, फ्रिजशेजारी ठेवायचा होता. मी त्याला वहीवर गणित करून दाखवलं. कोठाराचं घनफळ ७ घनमीटर. एक किलो कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की २० अंशांना साधारण ५४५ लिटर जागा व्यापतो. छोटा २.३ किलोचा सिलिंडर जरी रात्रीतून गळून रिकामा झाला, तरी सव्वा घनमीटर गॅस. दार बंद असेल तर त्या कोठारात गॅसचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर जातं. ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम, ही पातळीच जीवाला तत्काळ धोक्याची धरतात. १५ टक्क्यांत माणूस काही कळायच्या आत कोसळतो. गॅसला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा तो जड, खाली साचतो. तांदळाचा डबा काढायला आत गेलेलं माणूस वाकतं तेव्हा त्याचं तोंड नेमकं तिथेच असतं.

वहीवरचा आकडा बघून मित्र गप्प झाला. दहा किलोचा विषय तिथेच संपला.

वापराचा हिशेबही घातला. १९ लिटरचा केग रिकामा होईपर्यंत ढकलायला जेमतेम ७० ग्रॅम गॅस लागतो. बिअरमध्ये गॅस मुरवणं आणि केगमधली हवा हाकलणं धरलं तरी दोनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे २.३ किलोत दहाएक केग सहज निघतात. मोठा सिलिंडर घेण्यात सोय फारशी नव्हती, धोका तेवढा होता.

शेवटी २.३ किलोचा सिलिंडर कोठाराच्या बाहेरच्या अंगाला, उघड्यावर पण छपराखाली आणि सावलीत, उभा साखळीनं बांधून ठेवला. त्याला ऊन लागू द्यायचं नाही, कारण २० अंशांनाच आत सुमारे ५७ बार दाब असतो आणि तापला की तो झपाट्यानं चढतो. रेग्युलेटर बाहेरच. आत येते ती कमी दाबाची बारीक नळी. कोठारात जमिनीपासून तीस सेंटिमीटरवर कार्बन डायऑक्साइडचा डिटेक्टर लावला, आणि बाहेरच्या भिंतीला खाली एक व वर एक झरोका काढला. खालच्यातून गॅस निघून जातो, वरच्यातून फ्रिजची उष्णता. फ्रिज बंद खोलीत स्वतःच्याच उष्णतेत कोंडला तर कॉम्प्रेसरला दमच मिळत नाही, हा दुसरा फायदा.

गळती तपासायची रीतही सांगून ठेवतो. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून फुगे बघायचे, हे सगळे करतात. त्याशिवाय रिकामे केग जोडून दाब भरायचा, सिलिंडर बंद करायचा आणि काटा रात्रभर तसाच राहतो का बघायचं. बिअर भरलेल्या केगवर ही परीक्षा फसते. बिअर गॅस पिते, काटा उतरतो आणि गळती नसताना आपण गळती शोधत बसतो.

पहिलं काम

फ्रिज एका दाराचा उभा घेतला. आडवा डीप फ्रीजरही बाहेरचा थर्मोस्टॅट लावून छान चालतो, पण आमच्या कोठारात त्याचं झाकण पूर्ण उघडत नव्हतं आणि भरलेला केग वरून आत उतरवायला कंबर धड लागते.

फ्रिजच्या बाजूला भोक पाडण्याआधी एक दिवस त्यातच गेला. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या बाजूच्या पत्र्याआडून गेलेल्या असतात. ड्रिल त्यातून गेलं तर फ्रिज गेला, आणि आत थंडाव्यासाठी आर-६००ए भरलेला असेल तर तो ज्वलनशील वायू खोलीत. आम्ही मक्याचं पीठ स्पिरिटमध्ये कालवून पातळ लेप बाजूच्या पत्र्यावर फासला आणि फ्रिज चालू केला. नळ्या गरम झाल्या तसा त्यांच्यावरचा लेप आधी वाळला आणि पत्र्यावर पांढऱ्या आडव्या रेघा उमटल्या. दोन रेघांच्या मधोमध, आधी फक्त पत्रा कापून, मग आतला फोम हातानं कोरून भोक पाडलं. घाईनं थेट ड्रिल घालू नये.

नळांची उंची पुठ्ठ्यावर ठरवली. घरातला सर्वांत उंच ग्लास तिरपा धरून मूठ ओढायची नक्कल वहिनींनी, मित्रानं आणि आईनं तिघांनीही केली. शँक, म्हणजे भिंतीतून आरपार जाणारा आणि पुढे नळ धरणारा पोकळ आटेदार दांडा, जमिनीपासून १२० सेंटिमीटरवर आला.

आता चूक. भिंत विटांची, गिलाव्यासकट पंचवीस सेंटिमीटर जाड. गवंडी म्हणाला, कोअर ड्रिलनं पंचवीस मिलिमीटरची तीन भोकं पाडतो, अर्ध्या तासाचं काम, लांब शँक आरपार घाला. दुसरा मार्ग होता भिंतीत आडवा कोनाडा फोडून आत थंड पेटी बसवायचा. नवा गिलावा, नवा रंग, सगळ्यांना काम संपवायची घाई. आम्ही भोकं पाडली. मीही हो म्हणालो. लांब दांडा भिंतीच्या आत गरमच राहणार हे मला कळत होतं, पण फ्रिज लागूनच आहे, मधल्या चाळीस सेंटिमीटर नळ्यांना फोम गुंडाळू, तेवढ्यानं भागेल असं मी धरून चाललो.

बिअरची नळी ४.८ मिलिमीटर व्यासाची, प्रत्येकी ३ मीटर. केगच्या मध्यापासून नळापर्यंतचा चढ साधारण ७० सेंटिमीटर, त्यात एक पीएसआय जातो. उरलेला दाब नळीच्या घर्षणात जिरला पाहिजे, म्हणजे बिअर नळातून संथ उतरते. कोष्टकं या जाडीच्या नळीला फुटामागे २ ते ३ पीएसआय देतात. त्या हिशेबानं दोन मीटरही पुरले असते, पण घरी जरा सावकाश ओतलेलं बरं पडतं. शिवाय लांब नळी पुढे कापता येते, आखूड वाढवता येत नाही.

बिघाड

पहिल्या संध्याकाळी पहिला ग्लास जवळजवळ सगळा फेस. दुसऱ्यात अर्धा फेस. तिसरा देखणा, वर दोन बोटं पांढरा थर आणि खाली स्वच्छ सोनेरी. अर्ध्या तासानं पुन्हा पहिला ग्लास फेसाचा.

मित्रानं तेच केलं जे या जागी बहुतेक जण करतात. त्यानं दाब १२ वरून ६ पीएसआयवर आणला. दोन दिवस बरं वाटलं. नंतर बिघडलं ते असं की त्याला कारणच सापडेना. नळ उघडला की थुंकल्यासारखी बिअर, मग हवा, मग बिअर. नळीकडे नीट बघितलं तर वरच्या वळणात बोटभर लांबीचे गॅसचे कप्पे साचलेले दिसायचे. आठवडाभरात केगमधली बिअरच मिळमिळीत झाली. याचं कारण सरळ आहे. ३.५ अंशांना १२ पीएसआयखाली बिअर अडीच पट गॅस धरते, ६ खाली फक्त दोन पट. दाब कमी केला की जास्तीचा गॅस बिअर सोडून देते, काही केगमध्ये वर आणि काही नळीत. दाब बिअर ढकलण्यासाठी जितका, तितकाच गॅस तिच्यात टिकवण्यासाठी असतो. फेसावर उपाय म्हणून त्याला हात लावायचा नसतो, निदान तापमान मोजल्याशिवाय तरी नाही.

त्यानं मला फोन केला तेव्हा मी आधी विचारलं, फेस फक्त पहिल्या ग्लासाला येतो की सगळ्यांना? सगळ्यांना येत असेल तर दाब, नळीची लांबी किंवा केगचं तापमान बघायचं. फक्त पहिल्याला येत असेल तर वाट गरम आहे. सुरुवातीची तक्रार सरळ सरळ पहिल्या ग्लासाची होती. दाब कमी केल्यानं तीवर दुसरी तक्रार चढली होती.

मी गेलो, दाब परत १२ वर नेला, केगला दोन दिवस गॅस पिऊ दिला आणि मग थर्मामीटर घेऊन बसलो. पहिले १५० मिलिलिटर: १३ अंश. दुसरा ग्लास: ५.५. तिसरा: ४. केगच्या अंगाला फोमखाली चिकटवलेला प्रोब ३.५ दाखवत होता. मग फ्रिजमध्ये वरच्या भागात थर्मामीटर ठेवला, जिथे नळ्यांची वेटोळी होती. तिथे ८.५. ही गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. उभ्या फ्रिजमध्ये गार हवा तळाशी बसते. केग गार, पण त्यांच्या डोक्यावर पडलेली तीन मीटर नळी पाच अंशांनी गरम. म्हणजे वाट दोन ठिकाणी तापत होती: आधी फ्रिजच्या आतच, आणि मग भिंतीत.

तोवर भिंतीनंही तोंड उघडलं होतं. हवेत दमटपणा वाढला त्या आठवड्यात शँकला भिंतीच्या आत घाम सुटायला लागला. दोन नळांच्या खाली रंगाला नखाएवढे फुगे आले, एक मी बोटानं दाबला तर आतून ओला चुना निघाला. वहिनी काही बोलल्या नाहीत. दुसरी अट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती.

दुरुस्ती

फ्रिजमधला उपाय लगेच झाला. कॉम्प्युटरमध्ये असतो तसा बारा व्होल्टचा छोटा पंखा तळाशी वर तोंड करून ठेवला. दुसऱ्या दिवशी वर आणि खाली यांत एका अंशाहून कमी फरक राहिला. पहिल्या ग्लासात आता अर्धाच फेस.

भिंतीसाठी जे आधी टाळलं तेच करावं लागलं. भिंत भार घेणारी नाही हे पुन्हा पक्कं करून तिन्ही भोकांच्या ओळीत पन्नास सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच आरपार खिडकी फोडली, वर आडवा लिंटेल दिला. तिच्यात चार सेंटिमीटर जाडीच्या कडक फोमची पेटी. पुढच्या बाजूला लाकडी फळी, तिच्यातून दहा सेंटिमीटरचे आखूड शँक, त्यांची मागची टोकं पेटीच्या आत. पेटी आणि फ्रिज यांच्यामध्ये फोम गुंडाळलेले दोन पाइप: एकातून पंख्यानं ढकललेली गार हवा आणि बिअरच्या नळ्या, दुसऱ्यातून हवा परत. परतीचा पाइप नसेल तर पंखा नुसता घुमतो, हवा पुढे सरकतच नाही.

ओलीसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोलीतली दमट हवा गार पृष्ठभागापर्यंत पोहोचूच न देणं. फळी आणि पेटी यांचा सांधा, शँकभोवतीची फट, पाइप जिथे पेटीत शिरतात ती कड, सगळीकडे सिलिकॉन भरला. फोम नुसता गुंडाळून भागत नाही. केसाएवढी फट राहिली तरी त्या एका जागी थेंब जमत राहतो.

ड्रिप ट्रेचा निर्णयही इथे बदलला. आधी ट्रेला भिंतीतून लपवलेला निचऱ्याचा पाइप होता. दिसायला सुबक. पण त्यात सांडलेली बिअर साचून आंबायची आणि तिसऱ्या आठवड्यात ट्रेभोवती चिलटं घोंघावायला लागली. पाइप बंद करून टाकला. आता दोन खुंट्यांवर अडकवलेली ट्रे आहे, रात्री उचलून भांड्यांबरोबर धुतली जाते.

परिणाम

पेटीतलं तापमान साडेपाच अंशांवर स्थिरावलं. नळ बाहेर असल्यानं त्याचं तोंड थोडं उबदार राहणारच, त्यामुळे दिवसातल्या पहिल्या ग्लासाला तीन बोटं फेस येतो आणि दुसऱ्यापासून दोन. बिअरच्या नळ्या तीन मीटरवरून २.७ मीटरवर कापल्या, दहा-दहा सेंटिमीटर करत, दर वेळी ग्लास भरून बघत. भिंत पुढच्या दमट महिन्यांत कोरडी राहिली. वहिनींनी रंग पुन्हा स्वतः उभं राहून करून घेतला.

धुण्याचा क्रम दोन आठवड्यांचा आहे: अल्कलीचं नळी-साफक पंधरा मिनिटं पंपानं फिरवायचं, मग साधं पाणी भरपूर, आणि तीन महिन्यांतून एकदा आम्लाचं द्रावण, कारण नळीत धरणारा बिअरस्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटचा थर, अल्कलीनं निघत नाही. एकदा कामाच्या गडबडीत पाच आठवडे गेले. एलला लोण्यासारखा वास यायला लागला. मित्राला वाटलं बॅच बिघडली. केगमधून थेट ग्लासात काढून चाखली तर बिअर निर्मळ. दोष नळीत होता.

डिटेक्टर आजवर एकदा वाजला. केग बदलताना गॅसच्या कनेक्टरमधली रबरी रिंग दुमडली होती. बाहेर जाऊन सिलिंडर बंद केला, दार सताड उघडं टाकलं आणि अर्ध्या तासानं आत गेलो. सिलिंडर बाहेर असल्यामुळे तो बंद करायला कोठारात शिरावं लागलं नाही.

पुन्हा करायचं झालं तर

कोनाडा पहिल्याच दिवशी, गवंडी घरात असताना आणि गिलावा ओला असताना. तीन भोकांनी वाचवलेला अर्धा दिवस पुढे पाच दिवसांचा झाला.

नळ भिंतीत बसवण्याआधी आठवडाभर सगळी मांडणी कोठारातच उभी करून चालवून बघायला हवी होती. फ्रिज, केग, नळ्या आणि एका फळीवर ठोकलेले नळ. वरच्या आणि खालच्या हवेतला पाच अंशांचा फरक तेव्हाच हाती लागला असता, भिंतीला हात न लावता.

आणखी एक गोष्ट आम्ही दुरुस्तीतही चुकलो. पेटी मागून पूर्ण बंद केली. चार महिन्यांनी मधल्या शँकचं मागचं नट ढिलं झालं आणि थेंब थेंब बिअर पेटीत पडू लागली, तेव्हा तिथवर पोहोचायला सिलिकॉन आणि फोम कापून काढावा लागला. आता कोठाराच्या बाजूनं तीस सेंटिमीटर रुंदीचं फोमचं झाकण आहे, रबरी पट्टीवर दाबून बसणारं, चार फुलपाखरी नटांनी आवळलेलं. धुण्याच्या दिवशी मित्र ते उघडतो, आत हात घालून तिन्ही नट चाचपतो, पेटीचा तळ कोरडा आहे का बघतो आणि परत लावतो.